बाटगा कोन बे?

दोस्तहो, एक शब्द जाळायचा आहे. बाटगा.

परवा आपल्याच बैठकीत सभासदांची यादी चालू होती. एक पोरगा म्हणाला, "त्याले कायले घेता राजेहो, तो त बाटगा हाय!" तो म्हणजे माझ्या गल्लीतला, माझ्यासोबत वाढलेला. त्याचा पणजा आणि माझा पणजा एकाच महारवाड्यातले. त्याचा पणजा मिशनकडे गेला, माझा आजा १९५६ ला दीक्षाभूमीवर. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितो.

बाटगा म्हणजे बाटलेला. पण ज्याला हजारो वर्षं विटाळच ठरवला, तो आणखी बाटणार कशानं? हा शब्द सोवळ्याच्या चुलीवर शिजला. आपण त्याचं खरकटं चघळतो.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. इतक्या वर्षांच्या शेजाराला आपण काय म्हणतो? किरिस्ताव, मिशनवाला, बाटगा. एकही नाव त्याला विचारून ठेवलेलं नाही. तो स्वतःला ख्रिस्ती म्हणतो, मसीही म्हणतो. आपल्या समाजाला मंडळी म्हणतो.

आणि सरकार? आपल्याला कागदावर अजून 'नवबौद्ध' लिहितं. नातवंडं म्हातारी व्हायला आली, आपण नवेच! त्याला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीबाहेरच ठेवलं. १९५६ ला दलित शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. म्हणजे १९९० पर्यंत केंद्राच्या दाराबाहेर आपण दोघं एकाच पायरीवर होतो. दार उघडलं, आपण आत गेलो. आता आतून कडी लावायची? रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ ला सांगितलं, धर्माची अट काढा. अट तशीच. आपला मोर्चा कुठं आहे?

मंडळीलाही सोडत नाही. १९७० साली याच नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. उपासनेत सगळे बंधू-भगिनी. मग सोयरिकीची गोष्ट निघाली की 'मूळचे कोण?' असं कानात का विचारता? येशूनं जात विचारली नव्हती.

मी त्याच्या देवाला मानत नाही. त्यानं मानला तर माझं काय गेलं? जातीच्या नरकातून तो एका दारानं निघाला, मी दुसऱ्या. जात मात्र दोघांच्याही मागं धावते आहे.

पुढच्या बैठकीत तो शब्द निघाला तर मी गप्प बसणार नाही. यादीत त्याचं नाव मीच लिहीन. जे तो सांगेल तेच.