गाडीचं दार आपोआप लॉक होतं, पण वेळ आली तर उघडता येईल का?

धाराशिव : सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत परंडा आणि भूम तालुक्यांत काय झालं, ते नव्यानं सांगायची गरज नाही. एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. त्या पुरानंतर पुलावरून पाणी वाहताना गाडी घालू नका, हे सगळ्यांनी सांगितलं. पण गाडी पाण्यात अडकलीच तर दार कसं उघडायचं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. आता गावोगावी चारचाकी आली आहे. बहुतेक गाड्यांना सेंट्रल लॉक आहे, आणि ते लॉक नेमकं चालतं कसं हे चालवणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसतं.

चार दारं, चार मोटरी

सेंट्रल लॉक म्हणजे जादू नाही. प्रत्येक दाराच्या पत्र्याच्या आत एक छोटी मोटर असते. तिला गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून वीज मिळते. मोटर एका बाजूला फिरली की दांडी सरकून लॉक लागतं, उलट फिरली की लॉक निघतं. तुम्ही रिमोटचं बटण दाबता तेव्हा रिमोट रेडिओ लहरीवरून एक सांकेतिक आकडा पाठवतो. गाडीतला कंट्रोल बॉक्स तो ओळखतो आणि चारही मोटरींना एकदम हुकूम देतो. हा आकडा प्रत्येक वेळी बदलतो, त्यामुळे जुना आकडा चोरून उपयोग होत नाही.

बऱ्याच गाड्यांत थोडा वेग घेतला की दारं आपोआप लॉक होतात. चालत्या गाडीत पोरानं हँडल ओढलं तर दार उघडू नये, हा त्यामागचा हेतू. एअरबॅग असलेल्या अनेक गाड्यांत जोराची धडक बसली की कंट्रोल बॉक्स स्वतःच लॉक काढतो, म्हणजे बाहेरच्या लोकांना मदत करता यावी.

इथं आपल्या भागासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. सेकंडहँड गाडी घेऊन बाजारातून सेंट्रल लॉक बसवून घेणारे आपल्याकडे भरपूर आहेत. असं बाहेरून बसवलेलं लॉक बहुतेक वेळा एअरबॅगच्या यंत्रणेला जोडलेलंच नसतं. धडक बसल्यावर ते आपोआप उघडेल या भरवशावर राहू नका.

बॅटरी गेली तर आत कोंडले जातो का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आतलं हँडल हे तार किंवा दांडीनं थेट कुलपाला जोडलेलं असतं. त्याला विजेची गरज नाही. काही गाड्यांत पुढचं हँडल एकदा ओढलं की लॉक निघून दार उघडतं. काहींत दोनदा ओढावं लागतं, तर काहींत आधी खुंटी वर करावी लागते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे, हे अंगणात गाडी उभी असताना बघून घ्या.

मागच्या दारांची गोष्ट वेगळी. दार उघडल्यावर त्याच्या कडेला एक छोटी कळ दिसते, तो चाईल्ड लॉक. तो लावलेला असला की आतून कितीही ओढा, मागचं दार उघडत नाही. ते फक्त बाहेरून उघडतं. लहान लेकरांसाठी ही सोय चांगली आहे. पण मागं आजी-आजोबा बसले असतील तर कळ लावलेली आहे की नाही, हे चालवणाऱ्याला माहीत पाहिजे.

पाण्यात दोष लॉकचा की दाबाचा?

सप्टेंबर 2024 मध्ये फरिदाबादला रेल्वेच्या भुयारी मार्गात पावसाचं पाणी साचलं होतं. त्यात मोठी एसयूव्ही बुडाली आणि बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांचा जीव गेला. अशी घटना घडली की लोक लगेच म्हणतात, "लॉक जाम झालं." कधी तसं होतंही. पण लॉक उघडं असलं तरी दार उघडत नाही, याचं मोठं कारण पाण्याचा दाब आहे.

हिशेब करून बघा. दार 1 मीटर रुंद धरू. बाहेर दाराला 2 फूट पाणी लागलंय आणि आत कोरडं आहे. तेवढ्यावर दाराला बाहेरून जवळपास 180 किलोचा रेटा बसतो. बसल्या जागेवरून हातानं तो ढकलणं अवघड. पाणी 4 फूट झालं तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून "थोडं थांबून बघू" हा विचार घातक ठरतो.

अशा वेळी दाराशी झटापट नको, काच खाली घ्या. पाण्यात गेल्यावरही काचेची मोटर थोडा वेळ चालते, तो वेळ फोन लावण्यात घालवू नका. पट्टा सोडा, काच खाली करा, आधी लेकरांना बाहेर काढा, मग स्वतः निघा. 112 ला फोन बाहेर आल्यावर करा. काच खाली येत नसेल तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीनं फोडायची. समोरच्या काचेवर ताकद घालवू नका. तिच्यात दोन काचांमध्ये चिकट थर असतो, ती तडकते पण मोकळी होत नाही. अशी हातोडी डिकीत नको, चालवणाऱ्याच्या हाताशी पाहिजे.

उन्हात उभी गाडी, आत लेकरं

जून 2023 मध्ये नागपुरात तीन लहान मुलं बेपत्ता झाली. शोधाशोध झाली, आणि शेवटी घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत ती मृतावस्थेत सापडली. मे 2025 मध्ये आंध्रच्या विजयनगरम जिल्ह्यात चार मुलांचं असंच झालं. खेळता खेळता मुलं उघड्या गाडीत शिरतात, दार ओढून घेतात आणि मग त्यांना ते उघडता येत नाही.

आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर जातो. बंद गाडीत पहिल्या 10 मिनिटांतच तापमान साधारण 10 अंशांनी वाढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यापेक्षा कितीतरी लवकर तापतं. लग्नाच्या मांडवाबाहेर किंवा तुळजापूरच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली की रिमोट दाबून निघून जाऊ नका. हँडल ओढून लॉक लागल्याची खात्री करा. घरी असतानाही गाडी उघडी ठेवू नका आणि चावी पोरांच्या हाती देऊ नका. मूल दिसेनासं झालं तर विहिरीबरोबरच आसपासच्या गाड्याही आधी बघा.

प्रश्न फक्त मालकाचा नाही

चीननं आता नियम केलाय : 1 जानेवारी 2027 पासून तिथल्या नव्या मॉडेलच्या दारांना आतून आणि बाहेरून, वीज नसतानाही उघडेल अशी यांत्रिक सोय लागणार. पत्र्यात लपणारी विजेची हँडलं अपघातानंतर उघडली नाहीत, अशा तक्रारींनंतर हे झालं. तशा हँडलच्या गाड्या आपल्या रस्त्यांवरही दिसू लागल्यात. घेताना शोरूमवाल्याला एवढंच विचारा, बॅटरी बंद असताना दार कसं उघडायचं ते करून दाखवा.

आणि लॉक कितीही चांगलं असलं तरी रस्त्याकडेच्या विहिरीला कठडा पाहिजेच. जुलै 2024 मध्ये जालना जिल्ह्यात पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप विहिरीत पडली आणि 7 जणांचा जीव गेला. आपल्या आठही तालुक्यांत वळणावर, कठड्याविना, अशा विहिरी आहेत. फरशी पुलांवर पाणी किती आहे हे दाखवणारे खांब अनेक ठिकाणी नाहीत. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत आपल्या हद्दीतल्या अशा जागांची यादी करून ती ठरावात घाला, आणि ठरावाची प्रत बांधकाम विभागाला देऊन पोच घ्या.