आशाताईच्या सहा भेटी कागदावर नकोत, दारात हव्यात

धाराशिव : बाळंतपणानंतर आशाताई घरी येते, बाळाचं वजन-ताप बघते, श्वास मोजते. अनेकांना ही नुसती सरकारी नोंद वाटते. पण या भेटींमागे गडचिरोलीतलं संशोधन आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च'मधील सहकाऱ्यांनी ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. गावातच न्यूमोनियावर उपचार केले तर बालमृत्यू घटतात, हे १९९० मध्ये दिसलं. १९९९ च्या लेखानुसार ३९ गावांत घरपोच नवजात सेवेमुळे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये केंद्राने ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली.

फरक एकच, पण मोठा. गडचिरोलीत गावातलीच प्रशिक्षित बाई जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायची. आशाताईचं काम मुख्यतः धोका ओळखून बाळाला दवाखान्यात पाठवायचं. त्यामुळे परंडा, भूम, वाशीच्या लांबच्या वस्त्यांवर वेळेवरची भेट आणि वेळेवरची गाडी, यावरच बाळाचा जीव अवलंबून.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली आहे. ती झाली का, हे घरच्यांनीही बघावं. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा.