क्लास लावण्याआधी थोडं ऐका

कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश पक्का झाला, की मुलं आणि पालक एकच प्रश्न घेऊन येतात: कोणत्या लँग्वेजचा क्लास लावायचा? गल्लोगल्ली पाट्या आहेतच, तीन महिन्यांत पाच लँग्वेज, नोकरीची हमी. माझं ऐकाल तर ते पैसे वाचवा आणि पहिलं वर्ष सी नीट करा.

सी जुनी आहे. 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी ती बेल लॅब्समध्ये घडवली. नोकरीच्या जाहिरातीत तिचं नाव फारसं दिसणार नाही. पण लिनक्सचा गाभा बहुतांशी तिच्यातच आहे, आणि आपण डाउनलोड करतो ते नेहमीचं पायथनही मुख्यतः सीमध्येच लिहिलेलं आहे. शिवाय सी काही लपवत नाही. मेमरी मागायची तुम्ही, परत करायची तुम्ही, विसरलात तर भोगायचंही तुम्हीच.

एक प्रयोग करून बघा. सीमध्ये शॉर्ट प्रकारचं व्हेरिएबल घ्या, त्यात 32767 ठेवा, एक मिळवा आणि छापा. पडद्यावर उणे 32768 येईल. सोळा बिटांत पुढचा आकडा मावतच नाही. 4 जून 1996 ला युरोपचं एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभरही टिकलं नाही, ते याच जातीच्या चुकीमुळे: 64 बिटांची संख्या 16 बिटांत कोंबायला गेले होते. तो प्रोग्राम एडा भाषेत होता, तेव्हा सीला बोल लावू नका. पायथनमध्ये मात्र आकडा हवा तेवढा वाढत जातो, त्यामुळे तिथूनच सुरुवात केलेल्या मुलाला असं काही घडतं याचा पत्ताच नसतो.

दुसऱ्या वर्षी पायथन खुशाल घ्या. सी झालेली असेल तर लवकर हाती येतं, कारण पायथनच्या डिक्शनरीच्या आत काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो.

एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा मात्र पेपरपुरती उरकू नका. ती 1970 च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि आजही बँका, रुग्णालयं, दुकानं तिच्यावर चालतात. दोन टेबलं जोडताना ओळी दुप्पट का झाल्या, हे ज्याला सांगता येतं त्याला काम मिळतं. जावा की जावास्क्रिप्ट, हे शेवटच्या वर्षी नोकरी बघून ठरवा. आणि एखाद्या मे महिन्याच्या सुट्टीत स्कीम किंवा हॅस्केल यांपैकी एखादी भाषा चाळा. मुलाखतीत बहुधा कोणी विचारणार नाही, तरी चाळा.

काही कॉलेजांत अजून टर्बो सीचा निळा पडदाच आहे. प्राध्यापकांना विनंती, तो आता काढा, जीसीसी हा कंपायलर फुकट मिळतो. तोवर मुलांनो, जर्नलमध्ये सर सांगतील तसं लिहा, घरी मात्र जीसीसीवर सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून काम करा आणि एकही वॉर्निंग शिल्लक ठेवू नका.