येस सर, आय डिड!

सुरुवातीलाच कबूल करतो. मी पक्का कॉन्व्हेंटवाला. माझं मराठी म्हणजे शुद्धलेखनाचा खून, तेव्हा संपादकांनी चुका सुधारल्या असतील तर त्यांचे आधीच आभार! पण आजचा विषय इंग्रजीचा आहे. त्यातही साध्या भूतकाळाचा, म्हणजे सिंपल पास्टचा.

गेल्या सेमिस्टरला माझ्या रूममेटचा सेमिनार होता. हा कराडजवळच्या खेड्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बोलता बोलता म्हणाला, "वी डिड नॉट कनेक्टेड द अ‍ॅमीटर इन पॅरलल." झालं! अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी. त्याने उरलेल्या स्लाइड्स भराभर पुढे ढकलल्या आणि खाली बसला. त्यानंतर सेमिस्टर संपेपर्यंत वर्गात त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी ओरल. सरांनी माझ्या सर्किटकडे बघून विचारलं, "डिड यू कनेक्ट द व्होल्टमीटर इन सिरीज?" मी ऐटीत म्हणालो, "येस सर, आय डिड!" व्याकरण एकदम परफेक्ट. फक्त व्होल्टमीटर पॅरलल लावतात, तेवढं राहून गेलं! आणि गंमत म्हणजे तेव्हा कुणीच हसलं नाही.

त्या रात्री विचार करत बसलो. ही मुलं 'डिड नॉट वेन्ट' का म्हणतात? मराठीत बघा. 'मी गेलो' याचं नकारार्थी 'मी गेलो नाही'. 'गेलो' जागचा हलत नाही, मागे फक्त 'नाही' येऊन बसतं. प्रश्न केला तरी तेच, 'तू गेलास का?' इंग्रजीत मात्र 'डिड' आला की भूतकाळाचा सगळा लोड तो एकटाच घेतो आणि 'वेन्ट' बिचारा परत 'गो' होतो. म्हणजे ही चूक 'ढ' असल्याची नाही, मराठीच्या लॉजिकची आहे. 'आय हॅव सबमिटेड इट येस्टरडे'चंही तसंच. 'मी काल सबमिट केलंय' हे आपल्याकडे चालतं, इंग्रजीत 'येस्टरडे' म्हटलं की साधा भूतकाळच लागतो.

बरं, 'वेन्ट' तरी 'गो'चा सख्खा कुठे आहे? तो मुळात 'वेन्ड' या क्रियापदाचा भूतकाळ, 'गो'ने दत्तक घेतलेला! इंग्रजी घरातली लहान मुलंसुद्धा 'गो'ला 'एड' लावून मोकळी होतात. त्यांना कुणी हसून खाली बसवत नाही.

आणि माझं काय? दिवाळीनंतर रूममेटच्या आईला फोनवर म्हणालो, "काकू, मी तुमचे लाडू खाल्लो!" मराठीत आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले. क्रियापद खाणाऱ्याकडे नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. हे मला विसाव्या वर्षी कळलं. काकू हसल्या नाहीत. "बरं केलंस बाळा, अजून पाठवते," एवढंच म्हणाल्या.

चूक सुधारूच नये असं मी म्हणत नाही. इंटरव्ह्यूत ती नडते. पण सेमिनार संपल्यावर, रूमवर, चहा पिता पिता सांगा ना! पाच मिनिटांचं काम आहे. आणि सर-मॅडमना एक विनंती, मार्क देताना आधी अ‍ॅमीटर बघा, मग 'डिड'. एका हशापायी ज्याला विषय येतो तोच मुलगा गप्प बसणार असेल, तर नुकसान आपल्या सगळ्यांचं आहे.

त्याला सॉरी म्हणायला मला दोन महिने लागले. आता रात्री जेवणानंतर मी त्याला सिंपल पास्ट शिकवतो, तो मला सर्किट. परवा मी विचारलं, "डिड यू अंडरस्टँड?"

"येस, आय डिड," तो म्हणाला. "आता तू सांग, व्होल्टमीटर कसा लावतात?"