थंडीचं सोडा, अंधाराचं बघा

दरवर्षी जुलै आला की आमच्या स्टॉकहोमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी भाची उत्तर स्वीडनमध्ये उमेओला नाहीतर लुलेओला शिकायला निघालेली असते. सोबत काय काय द्यावं? मग उत्तरांचा पाऊस पडतो. थर्मलचे इतके जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी, हिमालयातल्या ट्रेकला घेतलेलं ते जाडजूड जाकीट. एका काकूंनी तर गरम पाण्याची पिशवी सुचवली होती. मी उमेओत शिकलो, आता स्टॉकहोममध्ये नोकरी करतो, आणि ही यादी वाचून दरवर्षी मला वाटतं की हिच्यात मुख्य गोष्टच राहून जाते.

थंडीचा बंदोबस्त उमेओ गावाने कधीच करून ठेवला आहे. बाहेर पारा उणे वीसच्या खाली उतरला तरी खोलीत वीस-एकवीस अंश असतात. खिडक्यांना तीन-तीन काचा असतात आणि जमिनीखालच्या नळांतून गावभर फिरणारं गरम पाणी इमारती उबदार ठेवतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी फरशीवर अनवाणी पाय टेकला की जी शिरशिरी येते, ती मला उमेओच्या खोलीत कधी आली नाही. जाकीट तिथेच घ्यावं. वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत उत्तम मिळतं. आणखी एकच वस्तू जरुरीची, ती म्हणजे बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे. बर्फ वितळून पुन्हा गोठला की रस्त्यावर पाय ठरत नाही. नगरपालिका खडी पसरते, पण सगळीकडे नाही. थंडीबद्दल एवढं पुरे.

खरी गोष्ट अंधाराची. उमेओ जवळजवळ 64 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला तिथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला उगवतो आणि दोन वाजायच्या आत मावळतो. दिवस जेमतेम सव्वाचार तासांचा, आणि त्यातही सूर्य डोक्यावर येत नाही. भर दुपारी झाडांच्या शेंड्यांना घासून निघून जातो. भारताचं घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे. त्यामुळे पुण्यात आई तुळशीपाशी दिवा लावते, जवळपास त्याच वेळी उमेओतही सूर्य बुडतो. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे दिवेलागण दिसते आणि आईला वाटतं, सगळं सारखंच आहे. तिची संध्याकाळ संपता संपता जेवणाची वेळ होते. दिवेलागणीला मुलाच्या घड्याळात दुपारचे दोनच वाजलेले असतात आणि झोपायला अजून नऊ-दहा तास असतात.

गावकरी याला किती गंभीरपणे घेतात ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर जवळ आला की खिडकीखिडकीत कागदी तारे आणि विजेच्या मेणबत्त्यांचे स्टँड उजळतात. नाताळची हौस आहेच, पण ती औषधासारखीही लागू पडते. 2012 साली तिथल्या वीज कंपनीने काही बसथांब्यांवर प्रकाशोपचाराचे दिवे बसवले होते. बसची वाट बघता बघता लोकांनी उजेड अंगावर घ्यावा म्हणून. स्वीडनमध्ये दुधात ड जीवनसत्त्व घालतात. हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात ते कातडीत तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला तर ते बनवायला गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं. सगळ्यात वाईट महिना कोणता असं तिथल्या माणसाला विचारलं, तर जानेवारी म्हणणारे थोडे, नोव्हेंबर म्हणणारे पुष्कळ. नोव्हेंबरात अंधार असतो आणि बर्फ धड पडलेला नसतो. एकदा जमीन पांढरी झाली की असेल तो उजेड दुपटीने परत येतो. म्हणजे ज्या बर्फाचे फोटो पाहून घरचे धास्तावतात, त्याची तिकडे वाट पाहतात.

आपल्या मुलांचं काय होतं? रात्री कॉरिडॉरच्या सामाईक स्वयंपाकघरात मराठी, तेलुगू, पंजाबी सगळी जमतात. कुकरच्या शिट्ट्या होतात, स्वीडिश पोरं दारातून डोकावतात, पहाटे दोनपर्यंत गप्पा रंगतात. झकास प्रकार असतो तो, मीही भरपूर उपभोगला आहे. पण दुसऱ्या दिवशी उठायला बारा वाजतात. चहा, आंघोळ, एक फोन, आणि खिडकीबाहेर पुन्हा रात्र. आठ-दहा दिवस असं चाललं की झोपेचा ताळतंत्र सुटतो, मग असाइनमेंट मागे पडते, मग माणूस फोन उचलेनासा होतो. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2011 पासून फी आहे, आणि राहण्याचा परवाना वाढवायचा तर अभ्यासाची प्रगती दाखवावी लागते. तेव्हा हे नुसतं उदास वाटण्यापुरतं राहत नाही. त्यातच नाताळात स्वीडिश मुलं आपापल्या घरी जातात, अख्खा कॉरिडॉर रिकामा होतो आणि आपली मागे उरतात.

आता मंडळाचं कॅलेंडर बघा. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा मुलं नुकतीच आलेली, उत्साहात, आणि उजेडही भरपूर. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यानंतर सगळं सामसूम, ते थेट गुढीपाडव्यापर्यंत. नेमक्या ज्या महिन्यांत माणसांची गरज, त्या महिन्यांत आपण रजेवर. संक्रांत आपण स्टॉकहोममध्ये कुणाच्या तरी घरी हळदीकुंकू करून उरकतो. खरं तर सूर्य परतल्याचा हा सण उमेओत जितका डोळ्यांना दिसतो तितका महाराष्ट्रातही दिसत नाही. डिसेंबरच्या त्या सगळ्यात लहान दिवसापासून संक्रांतीपर्यंत तिथला दिवस जवळपास तासाभराने वाढलेला असतो. संक्रांतीला काळं घालायचं, तर तिथे नोव्हेंबरपासून सगळं गावच काळ्या जाकिटात असतं. म्हणून तर खिशाला दोरीने चकाकती चकती अडकवून हिंडतात, मोटारवाल्याला माणूस दिसावा म्हणून.

संक्रांत उमेओत करूया म्हटलं, तर कार्यकारिणीतून काय उत्तर येईल ते मला माहीत आहे. मुलं सज्ञान आहेत, स्वतःच्या मर्जीने आली आहेत. उमेओ इथून सहाशे किलोमीटरच्या वर, रेल्वेने सहा-साडेसहा तास. कार्यकर्ते मोजकेच, त्यांनाही नोकरी आणि लेकरंबाळं. सगळं खरं. पण गणपतीच्या आराशीला जेवढी माणसं राबतात त्यांच्यातली चार जणं एकदा उत्तरेला गेली तर आरास काही ओस पडणार नाही. आणि नाताळच्या आठवड्यात रोज एकाने एका मुलाला सकाळी दहाला फोन करायचा, 'ऊठ, बूट घाल, बाहेर पड, चालता चालता बोल', याला ना निधी लागतो ना ठराव. पालकांसाठीच्या त्या यादीतही हेच पहिलं लिहावं: दुपारी अकरा ते एक घराबाहेर, ढग असले तरी.

उमेओतल्या संक्रांतीसाठी सणानंतरचा पहिला शनिवार धरावा. जागा तिथलं निदालाचं तळं; ते तेव्हा गोठलेलं असतं आणि गावकरी त्यावर सहज फिरायला येतात. वेळ बारा ते दोन, म्हणजे उजेडात. तीळ तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात, गूळ मात्र इथून न्यावा लागेल. लाडू छोटे वळावेत, कारण हातमोजे काढून खायचे आहेत. रेल्वेची तिकिटं नोव्हेंबरातच काढून ठेवा, नंतर महागतात.