भीती आणि दुसरं लुगडं



दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मग गावात शिबिर घ्यायचं तर बायाच नसतात. म्हणून या वेळी भर पावसाळ्यातच, अंबड तालुक्यातल्या एका गावी, शाळेच्या गळक्या खोलीत आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं. पहिल्या दुपारी आम्ही विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" विंचू-साप, अंधार, दारू पिऊन आलेला नवरा अशी उत्तरं येतील असं धरून आम्ही फळ्यावर रकानेही आखून ठेवले होते.

पहिलं उत्तर आलं, "सहीची."

बोलणारी बाई ग्रामपंचायतीची सदस्य होती. समोर कागद येतो, त्यावर काय लिहिलंय ते समजत नाही, आणि विचारलं तर अडाणी ठरते. म्हणून ती सही करते आणि मग आठ-आठ दिवस तिला झोप येत नाही. एवढं ती बोलली आणि बाकीच्यांचीही तोंडं उघडली. बँकेत काचेमागं बसलेल्या साहेबाची भीती. तहसीलच्या पायऱ्यांची. माइकची. ग्रामसभेत उभी राहिले तर दीर घरी येऊन काय म्हणेल, त्याची. गटाच्या हिशेबात दहा रुपये कमी भरले तर चोर ठरू, याची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "दगडाचं भ्या नव्हतं माय. मुकादमाच्या वहीचं होतं. त्यात आपलं नाव हाय का नाही, ते कुणाला इचारावं?"

आमचे रकाने तसेच कोरे राहिले.

महाराष्ट्रात १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा आल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतींत देशभर एक तृतीयांश झाल्या, आणि २०११ मध्ये आपल्या राज्यात निम्म्या. तेव्हा आपण पेढे वाटले होते, आणि ते योग्यच होतं. खुर्ची मिळाली, पण खुर्चीची भीती काढायला कोणताही कायदा नव्हता. ती भीती काही आपण आईच्या पोटातून आणलेली नाही. अक्षर, पैसा आणि चारचौघांतलं बोलणं यांपासून बाईला पिढ्यानपिढ्या लांब ठेवलं, त्याचीच ही शिल्लक. आणि बाई न वाचता सही करते तेव्हा कुणाचं तरी काम सोपं होत असतं.

संपादकीय लिहिणारी बाई काठावर बसून उपदेश करते, असा आक्षेप आपल्या पत्रांतून अधूनमधून येतो. तेव्हा माझं सांगते. १९९३ साली मी शिक्षिका होते. मुख्याध्यापिकेची बढती आली. शाळा भोकरदन तालुक्यात, राहत्या गावापासून चौदा किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदाच. जायचं तर स्वतःचं वाहन हवं. 'कौटुंबिक अडचणीमुळे' असं लिहून मी बढती नाकारली. कौटुंबिक अडचण काहीच नव्हती. नवरा उलट म्हणत होता, लूना घेऊ. मला लूनाची भीती वाटत होती. पडेन, लोक हसतील, पदर चाकात जाईल. बढती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मागे असलेल्या गुरुजींना मिळाली, आणि पुढची दोन वर्षं मी त्यांच्यावर उगीच चिडून होते.

पुन्हा संधी आली तेव्हा एका मैत्रिणीनं मला शाळेच्या मैदानावर लूना शिकवली. तिसऱ्या दिवशी मी मोसंबीच्या बागेच्या काटेरी कुंपणात गेले. चार पोरं हसली. आणि मग काहीच झालं नाही! ज्या हसण्यासाठी मी दोन वर्षं घालवली होती ते अर्ध्या मिनिटात संपलं. मी ती शाळा चालवली, आणि पुढे संघटनेचं काम करू शकले तेही त्या लूनामुळेच. छाती धडधडायची थांबल्यावर मी निघाले असं झालं नाही. धडधडत असतानाच निघाले, आणि कधीतरी, चार-सहा महिन्यांनी, ती थांबल्याचं लक्षात आलं.

ही गोष्ट मी शिबिराशिबिरांतून सांगत आले. टाळ्या मिळतात. पण याच गोष्टीनं गेल्या वर्षी मी एका मुलीचं नुकसान केलं, आणि ते सांगितल्याशिवाय या विषयावर मी लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आमची ही कार्यकर्ती चोवीस वर्षांची, मंठ्याकडच्या गावांत काम करायची. बायकांना सवड संध्याकाळी, म्हणून बैठका संध्याकाळी. शेवटच्या गाडीनं परतून फाट्यावर उतरायचं आणि तिथून दोन किलोमीटर अंधारात चालायचं. मासिक बैठकीत तिनं तीनदा सांगितलं, "ताई, मला भीती वाटते." तिन्ही वेळा मी तिला लूनाची गोष्ट सांगितली. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते, म्हणाले. चौथ्या महिन्यात दोन मोटारसायकली तिच्या मागे लागल्या. ती रस्ता सोडून वस्तीकडे धावली. 'काही झालं नाही' असं सगळे म्हणतात. पुढच्या आठवड्यात तिनं काम सोडलं. वडिलांनी बाहेरून करत असलेलं तिचं बी.ए.ही थांबवलं.

लूनाची भीती आणि फाट्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मला शिकवलेली होती, ती करून बघितल्यावर गेली. दुसरी म्हणजे त्या रस्त्याबद्दलची खरी माहिती होती. ती मुलगी आम्हाला माहिती देत होती आणि आम्ही तिला धैर्याचा पाठ देत होतो.

१९९२ साली राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला, तो तिनं बालविवाह थांबवण्याचं आपलं काम केलं म्हणून. खालच्या न्यायालयानं १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये सांगितलं की काम करणाऱ्या बाईची सुरक्षितता ही तिला कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. २०१३ च्या कायद्यात तर कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही 'कामाची जागा' धरली आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे सगळं आम्ही दुसऱ्यांना शिकवतो. आमच्याकडे सहा जणी काम करतात. त्यांना कामावर ठेवणाऱ्या आम्हीच आहोत, हे आमच्या ध्यानातच नव्हतं.

सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत, आणि त्या जवळ दुसरं लुगडं बाळगत, हे आपण प्रत्येक ३ जानेवारीला सांगतो. सांगताना भर असतो तो धीरावर. मला आता त्या दुसऱ्या लुगड्याचा विचार करावासा वाटतो. चिखल उडणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. घाबरू नये असा उपदेश त्यांनी स्वतःला केला की नाही कोण जाणे, पण रोज सकाळी घडी घालून लुगडं घेतलं, हे नक्की.

आम्ही ठरवलेलं ते असं. बैठक चारला संपेल. बायकांना ती वेळ सोयीची नसेल तर कार्यकर्ती त्याच गावी मुक्काम करील आणि मुक्कामाचे पैसे संस्था देईल. नव्या गावात पहिले सहा महिने दोघींनी जायचं. कोण कुठे गेलं ते कार्यालयातल्या फळ्यावर लिहायचं. याला पैसे लागतात आणि देणगीदारांच्या अंदाजपत्रकात 'सोबत' नावाचा रकाना नसतो. म्हणून हा अंक तुम्हाला आठ पानांनी बारीक दिसेल.

यातला धोका आमच्या लक्षात आहे. काळजीचं कुंपण व्हायला वेळ लागत नाही. त्या मुलीच्या वडिलांनी तेच केलं. फाट्यावर भीती आहे, म्हणून परीक्षाही नको. आमच्याच एका बैठकीत सूचना आली की मुलींना लांबची गावं देऊच नयेत. ती आम्ही फेटाळली. लांबची गावं पुरुष कार्यकर्त्यांकडे गेली तर वर्षभरात तालुक्याच्या बैठकांना तेच जातील, प्रकल्पाचं तेच ठरवतील, आणि मुली कार्यालयात नोंदवह्या भरतील. व्यवस्था करायची ती तिला जाता यावं म्हणून.

सहीवाल्या बाईचं राहिलं. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एकच वाक्य घोटलं, "आधी वाचून दाखवा, मग सही करते." तिनं ते वीस वेळा म्हटलं, दोनदा हसू आवरेना म्हणून थांबली. पुढच्या मासिक सभेत म्हणाली तेव्हा आवाज कापत होता, असं तिच्या शेजारणीनं सांगितलं. ग्रामसेवकानं नाक मुरडून वाचलं. त्यात तिच्या वॉर्डातल्या नालीदुरुस्तीचा खर्च निघाला, आणि तिच्या वॉर्डात नालीच नाही. आता त्यावर लेखी अर्ज गेला आहे. मी विचारलं, "भीती गेली का?" ती म्हणाली, "कशाची जाते! पन आता वाचून दाखवावं लागतंय त्याला."

परवा मी मंठ्याकडच्या त्या मुलीच्या घरी गेले. माफी मागितली, नवी व्यवस्था सांगितली. वडील सुपारी कातरत बसले होते, बोलले नाहीत. तिनं चहा केला. परत कामावर येते म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. बी.ए.च्या परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख कधी, एवढं तिनं विचारलं. निघाले तेव्हा मला सोडायला फाट्यापर्यंत चालत आली, आणि गाडी येईपर्यंत थांबली. परत जाताना तिच्याबरोबर शेजारची दोन पोरं होती.