पिल्लाची आई कुठे आहे?
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा शेतकरी दात बघतो, कितवं वेत ते विचारतो, कास चाचपतो. आणि तोच माणूस पोरांच्या हट्टापायी लॅब्रेडॉरचं पिल्लू मोबाइलवरच्या फोटोवरून ठरवतो. पिल्लाच्या आईची चौकशीच होत नाही. केंद्राचे कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७चे नियम मात्र तिच्याच बाजूचे आहेत: राज्य प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीशिवाय पैदास नाही, कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिच्यावर वेत लादायचं नाही, बारा महिन्यांत एकच वेत, जन्मभरात फार तर पाच, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. किती साधे, किती माणुसकीचे नियम! राज्याने ते आता गावोगाव राबवावेत, नोंदणी क्रमांक नसलेली प्रत्येक जाहिरात बंद करावी. आणि अहिल्यानगरच्या गिऱ्हाइकाने आई दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.